पहिल्या सौद्यापर्यंतची वाट

सार्वजनिक क्षेत्रातील बँकेला नव्या शाखेसाठी जागा हवी असली, की वर्तमानपत्रात निविदा-सूचना प्रसिद्ध होते. तळमजल्यास प्राधान्य, अमुक इतके चटई क्षेत्र, पुरेसा वीजभार, स्ट्राँगरूमचे वजन पेलणारी बांधणी, तांत्रिक व आर्थिक प्रस्तावांची दोन स्वतंत्र पाकिटे, असा तिचा ठरलेला मजकूर असतो. अखेरीस बहुधा आणखी एक ओळ असते : दलाली दिली जाणार नाही. सार्वजनिक पैशाच्या व्यवहारात पारदर्शकता राहावी, हा त्या ओळीमागील हेतू आहे व तो रास्तच आहे. परंतु वर्षानुवर्षे अशा ओळी वाचताना जागेच्या मध्यस्थाविषयी एक पक्के मतही वाचकाच्या मनात तयार होत जाते.

‘दलाल’ या शब्दाचे नशीबच विचित्र आहे. मुंबईच्या शेअरबाजाराला दलाल स्ट्रीट म्हणताना त्यात प्रतिष्ठा असते. जागेच्या दलालाबद्दल बोलताना मात्र आवाज आपोआप खाली येतो. त्यातही हा व्यवसाय करू इच्छिणारी व्यक्ती स्त्री असेल, तर त्या शब्दाची अडचण दुप्पट होते. पदवीधर मुलीने बँकेत, शाळेत वा संगणक कंपनीत नोकरी धरली, तर घरात पेढे वाटले जातात. कार्यालयांच्या जागा भाड्याने मिळवून देण्याचा व्यवसाय करणार, असे तिने सांगितले तर घरातील मंडळी क्षणभर एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “पण पगार किती?”

प्रश्न घरगुती असला तरी मुद्द्याचा आहे. व्यापारी जागांच्या मध्यस्थीत स्त्रिया कमी का, याची चर्चा होते तेव्हा धाडस, वेळीअवेळीची फिरती, पुरुषी वातावरण ही कारणे पुढे केली जातात. ती खोटी नाहीत. परंतु या व्यवसायाचा खरा उंबरठा पैशाचा आहे. पहिला सौदा पूर्ण होईपर्यंतचा जो बिनउत्पन्नाचा काळ असतो, तो कोण सोसू शकते, यावर या क्षेत्रात कोण टिकणार हे मोठ्या प्रमाणावर ठरते. त्या काळाची तरतूद झाल्याखेरीज केवळ प्रोत्साहनाच्या भाषणांनी फारसा फरक पडणार नाही.

जागा दाखविणे हा कामाचा लहान भाग

सर्वसामान्य समज असा, की मध्यस्थ किल्ली घेऊन येतो, दार उघडून जागा दाखवितो आणि दलाली घेऊन जातो. घरांच्या व्यवहारातही हे पूर्णतः खरे नाही. कार्यालये, दुकाने, गोदामे यांच्या व्यवहारात तर ते मुळीच खरे नाही.

एखादी कंपनी नवे कार्यालय शोधत आहे, असे समजू. एका इमारतीत चौरस फुटास महिना १५० रुपये दर आहे, दुसरीत १७० रुपये. वरवर पाहता पहिली स्वस्त. आता भाडे ज्या क्षेत्रावर आकारले जाते, त्यापैकी प्रत्यक्ष वापरण्याजोगे चटई क्षेत्र पहिल्या इमारतीत ७० टक्के आणि दुसरीत ८० टक्के आहे, असे धरू. वापरातील प्रत्येक चौरस फुटाचा दर पहिल्या इमारतीत सुमारे २१४ रुपये पडतो, दुसरीत २१२ रुपये ५० पैसे. महाग दिसणारी जागा किंचित स्वस्तच निघाली. इमारतीच्या देखभालीचा खर्चही बहुधा मोठ्या क्षेत्रावरच आकारला जात असल्याने हा फरक आणखी वाढतो. हा हिशेब ग्राहकापुढे वेळेवर मांडणे, हे मध्यस्थाचे पहिले काम.

त्यानंतर कराराच्या अटी येतात. किती वर्षे जागा सोडता येणार नाही, म्हणजे व्यवहाराच्या भाषेत लॉक-इन किती? भाडेवाढ केव्हा व किती? तीन वर्षांनी १५ टक्के ही या बाजारातील परिचित पद्धत आहे. अनामत रक्कम किती महिन्यांची? अंतर्गत सजावटीच्या काळात भाडे माफ असेल काय? मालमत्ता कर कोणी भरावयाचा? इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र आहे काय, अग्निशमन विभागाची मंजुरी आहे काय, वीजभार पुरेसा आहे काय? भाड्यावर लागणारा १८ टक्के वस्तू व सेवा कर भाडेकरू कंपनीला वजावटीस मिळेल काय? (बँका व वित्तसंस्थांच्या बाबतीत ही वजावट पूर्ण मिळत नाही, हे कर्मचारी वाचक जाणतातच.)

महाराष्ट्रात करार भाडेपट्ट्याचा करावयाचा की ‘लीव्ह अँड लायसन्स’ पद्धतीचा, याचाही विचार करावा लागतो. दुसऱ्या प्रकारात ६० महिन्यांपर्यंतच्या करारास ०.२५ टक्के या दराने मुद्रांक शुल्क पडते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी करून नोंदविणे बंधनकारक आहे व ती जबाबदारी जागामालकाची आहे. नोंदणी नसेल, तर ज्या अटींवर जागा दिली त्याबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हे एक कलम ठाऊक नसल्याने अडचणीत आलेले जागामालक कमी नाहीत.

या सर्व कामांस गणित, कायदा, इमारतींची जाण, चिकाटी आणि दोन्ही पक्षांचे ऐकून घेण्याची तयारी लागते. यांपैकी एकही गुण पुरुषांची मक्तेदारी नाही. बँकेच्या कर्ज विभागात हीच कामे स्त्रिया अनेक वर्षे उत्तम रीतीने करीत आल्या आहेत.

व्यवसायाचे बदललेले रूप

मुंबईतील भाड्याच्या जागांचा बाजार दीर्घकाळ १९४७ च्या भाडे कायद्याच्या छायेत होता. गोठलेले भाडे, पागडी आणि एकदा आत आलेला भाडेकरू कधीच बाहेर जाणार नाही ही मालकाची धास्ती, असे त्याचे स्वरूप होते. ओळखीपाळखी आणि तोंडी शब्द यांवरच असा बाजार चालतो. नवख्या व्यक्तीला, विशेषतः स्त्रीला, त्यात शिरकाव मिळणे कठीणच होते.

नवा अधिनियम ३१ मार्च २००० पासून लागू झाला. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असणाऱ्या खासगी व सार्वजनिक मर्यादित कंपन्या यांना भाडे नियंत्रणाचे संरक्षण राहिले नाही. मोठ्या कंपन्यांना जागा देण्यातील मालकांची धास्ती त्यामुळे कमी झाली आणि बाजारभावाने लेखी करार होऊ लागले. नरिमन पॉइंटची मक्तेदारी जाऊन लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी आणि वांद्रे-कुर्ला संकुलात कार्यालये उभी राहिली. बंगळूरु, हैदराबाद, गुरुग्राम, चेन्नई आणि पुण्यातील हिंजवडी-खराडी येथे माहिती तंत्रज्ञान कंपन्यांनी लाखो चौरस फूट जागा घेतली. अशा कंपन्यांना जागेइतकीच कागदांची शुद्धता हवी असते.

पुढचा टप्पा भांडवल बाजाराने गाठला. सेबीने २०१४ मध्ये स्थावर संपदा गुंतवणूक न्यासांची, म्हणजे ‘रीट’ची नियमावली आणली. एप्रिल २०१९ मध्ये एम्बसी ऑफिस पार्क्स हा देशातील पहिला रीट शेअरबाजारात नोंदला गेला आणि २०२१ पासून रीटच्या अगदी एका युनिटचीही खरेदी-विक्री करता येऊ लागली. सामान्य गुंतवणूकदाराला मिळणारे उत्पन्न अशा रीतीने कार्यालयांच्या भाड्याशी जोडले गेले. बँकांच्या बाबतीत हा संबंध अधिकच निकटचा आहे. नोंदणीकृत करारान्वये येणाऱ्या भाड्याच्या आधारे जे कर्ज दिले जाते, त्यात भाडेकरू कोण, लॉक-इन किती, भाडेवाढ कशी, यांवर कर्जाची सुरक्षितता ठरते. मध्यस्थाच्या टेबलावर ठरलेली कलमेच काही महिन्यांनी कर्ज अधिकाऱ्याच्या टेबलावर वाचली जातात.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ ने मध्यस्थांची नोंदणी अनिवार्य केली. महारेराने त्यापुढे जाऊन मध्यस्थांना प्रशिक्षण व परीक्षा बंधनकारक केली. २०२३ मध्ये सुरू झालेली ही परीक्षा आयबीपीएस घेऊ लागली, म्हणजे बँक कर्मचाऱ्यांच्या भरतीची परीक्षा घेणारीच संस्था. एक उणीव मात्र राहिली आहे. हा कायदा प्रकल्पातील जागांच्या विक्रीसंबंधी आहे. कार्यालये भाड्याने देण्या-घेण्याची मध्यस्थी त्याच्या कक्षेत येत नाही आणि व्यापारी मध्यस्थीचा मोठा भाग तर भाड्याचाच आहे.

पहिल्या वर्षाचा हिशेब

या पार्श्वभूमीवर या व्यवसायात पाऊल टाकणाऱ्या एका तरुणीचा मार्ग कसा असतो, ते उदाहरणाने पाहणे उपयुक्त ठरेल. तिच्या वडिलांची वा काकांची बांधकाम कंपनी नाही, असे गृहीत धरू.

पहिले काही महिने फिरण्यात जातात. कोणत्या इमारतीत कोणत्या मजल्यावर कोणती कंपनी आहे, तिचा करार केव्हा संपतो, कोणता मजला रिकामा होणार आहे, याची ती नोंद करते. स्वागतकक्षात ताटकळत बसते, सुरक्षारक्षकांशी बोलते, दिवसाला वीस-तीस दूरध्वनी करते. त्यांतून एखादी कंपनी भेटीची वेळ देते. मग आठ-दहा जागा पाहणे, दोन-तीन निवडणे, मालकाशी बोलणी, कंपनीच्या मुख्य कार्यालयाची मंजुरी, वकिलांचे मसुदे, नोंदणी, असा क्रम चालतो. मंजुरी परदेशातून यावयाची असेल, तर वर्ष सहज निघून जाते. शेवटच्या आठवड्यात कंपनीने विस्ताराचा बेत पुढे ढकलला, तर सारे श्रम शून्यावर येतात.

सौदा झालाच, असे मानू. दहा हजार चौरस फूट, दर १५० रुपये, म्हणजे महिन्याचे भाडे १५ लाख. दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी धरली तर तीही १५ लाख रुपये. हा आकडा ऐकून कोणाचेही डोळे विस्फारतील. परंतु ही रक्कम तिच्या संस्थेची असते. संस्थेच्या नियमांनुसार तिला त्यातील एक-पंचमांश मिळणार असेल, तर तिचा वाटा ३ लाख रुपये. कामाला लागल्यापासून पैसे हाती येईपर्यंत १४ महिने गेले असतील, तर महिन्याची सरासरी २१ हजार ४०० रुपयांच्या आसपास पडते. त्यातही पहिले तेरा महिने हाती काहीच नाही. रोजचा प्रवास, दूरध्वनी, नीटनेटका पोशाख, ग्राहकाबरोबरचा चहा हा खर्च मात्र पहिल्या दिवसापासून सुरू असतो.

व्यवसायात मुरलेली मंडळी यावर म्हणतील, की चौथ्या-पाचव्या वर्षी हेच उत्पन्न कितीतरी पटींनी वाढते. ते खरे आहे. जुने ग्राहक पुन्हा येतात, एका शहरातील कंपनी दुसऱ्या शहरातील कामही सोपविते आणि तीन वर्षांपूर्वीच्या कराराचे नूतनीकरण आपोआप दार ठोठावते. प्रश्न चौथ्या वर्षापर्यंत कोण पोहोचते, हा आहे. ज्या तरुणाला घरून आधार आहे, तो पोहोचतो. मुलीच्या बाबतीत तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच घरात विचारणा सुरू होते, लग्नाची बोलणी निघतात, आणि ‘बँकेची परीक्षा तरी दे’ असा सल्ला मिळतो. ती व्यवसाय सोडते, तेव्हा तिला जमले नाही, अशी नोंद होते. तिच्याजवळ आणखी सहा महिन्यांचा खर्च असता तर काय झाले असते, याची नोंद कोठेच होत नाही.

अनेक जणी मग संशोधन, प्रसिद्धी, इमारत व्यवस्थापन अशा पगारी विभागांत जातात. ती कामे महत्त्वाची आहेत. परंतु मोठी मिळकत आणि त्याबरोबर येणारे अधिकारपद बहुधा सौदे करणाऱ्यांकडे जाते.

आकडे आणि दोन उदाहरणे

ही केवळ भारतातील अवस्था नाही. व्यापारी स्थावर संपदा क्षेत्रातील स्त्रियांची क्रू नेटवर्क ही अमेरिकेतील संघटना दर पाच वर्षांनी पाहणी करते. तिच्या २०२० च्या अहवालानुसार या क्षेत्रात स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते. स्त्री-पुरुषांच्या स्थिर वेतनातील तफावत सुमारे १० टक्के होती, तर कमिशन व बोनसमधील तफावत सुमारे ५६ टक्के. पगार ठरविताना काही नियम, काही श्रेणी असतात. कमिशनमध्ये कोणता ग्राहक कोणाला सोपविला, कोणाचे नाव सौद्यावर लागले, वाटा कसा ठरला, हे पुष्कळदा बंद दाराआड ठरते. तफावत तेथेच फुगते, ही बाब बोलकी आहे.

यशाची उदाहरणेही याच प्रकाशात पाहावयास हवीत. न्यूयॉर्कच्या मेरी अ‍ॅन टाय यांचे नाव या व्यवसायात जगभर घेतले जाते. कलेच्या इतिहासाचा अभ्यास केलेल्या टाय या अमेरिकेचे उपाध्यक्ष वॉल्टर मॉन्डेल यांच्या कलाविषयक सल्लागार होत्या. पुढे त्या राष्ट्रीय कला निधीच्या उपाध्यक्षा झाल्या, तसेच दूरचित्रवाणीवरील कलाविषयक वाहिनीच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला. १९८० च्या दशकाच्या मध्यास, तिशी उलटल्यावर, त्या जागांच्या मध्यस्थीकडे वळल्या. २००२ मध्ये सीबीआरई या कंपनीच्या न्यूयॉर्क परिसराच्या मुख्य अधिकारी झाल्या. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या न्यूयॉर्कच्या स्थावर संपदा मंडळाच्या अध्यक्षपदी २०१० मध्ये प्रथमच एक स्त्री आली, त्या टायच होत. काँदे नास्ट या प्रकाशनसंस्थेला १९९० च्या दशकात टाइम्स स्क्वेअरला नेणाऱ्या व्यवहारात त्यांचा वाटा होता. त्याच संस्थेने २०११ मध्ये वन वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये सुमारे दहा लाख चौरस फूट जागा घेतली, तो करारही त्यांच्या मध्यस्थीने झाला. दहशतवादी हल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या जागी पुन्हा कार्यालये भरतील काय, या शंकेला त्या एका कराराने मोठे उत्तर दिले.

भारतात २०२० मध्ये जेएलएल इंडियाची सूत्रे राधा धीर यांच्याकडे आली. त्यांची पूर्वीची दीर्घ कारकीर्द बँकिंग व वित्त क्षेत्रातील होती.

या दोन्ही उदाहरणांनी अभिमान वाटावा. त्यांतून एक बोधही निघतो. दोघीही या क्षेत्रात आल्या त्या अन्य क्षेत्रात नाव, ओळखी आणि अनुभव मिळवून. कर्तृत्व त्यांचेच, परंतु प्रारंभीची पुंजी त्यांच्यापाशी होती. बावीस वर्षांच्या, कोणाची ओळख नसलेल्या मुलीसमोर केवळ अशी शिखरे ठेवून भागत नाही. पायथ्यापासूनची वाटही बांधावी लागते.

रजा, वाटा आणि सुरक्षितता

२०१७ पासून कायद्याने पगारी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. नोकरदार स्त्रियांना या तरतुदीने मोठा आधार दिला. परंतु हा लाभ वेतनावर मोजला जातो. जिला वेतनच नाही, जी केवळ वाट्यावर काम करते, तिच्या वाट्याला तो येत नाही. त्याहून नाजूक प्रश्न तिच्या हातातील सौद्यांचा असतो. वर्षभर मेहनत करून तिने एखादी कंपनी करारापर्यंत आणली आणि नेमक्या त्या वेळी ती रजेवर गेली, तर उरलेले काम सहकारी पाहतो. करारावर सही होते. दलालीचा धनादेश येतो, तेव्हा वाटा कोणाचा? पुष्कळ संस्थांत याचे उत्तर लेखी नसते. प्रमुखाच्या सद्भावनेवर ते अवलंबून राहते. परतल्यावर तिला आपले ग्राहक दुसऱ्याच्या यादीत दिसतात आणि पहिल्या वर्षाचा उंबरठा ती दुसऱ्यांदा ओलांडू लागते.

सुरक्षिततेचा प्रश्न टाळून चालणार नाही. रिकामे मजले, अर्धवट बांधकामे, संध्याकाळनंतरच्या भेटी हा या कामाचा भाग आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामानिमित्त भेट दिलेली जागा आणि मालकाने पुरविलेला प्रवासही ‘कामाचे ठिकाण’ मानला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती नसली, तरी जिल्हास्तरीय स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मध्यस्थीच्या अनेक संस्था अशाच लहान असल्याने ही माहिती प्रत्येकीजवळ असावी. रिकाम्या जागेच्या भेटीस दोघांनी जाणे आणि भेटीची नोंद कार्यालयात ठेवणे, या साध्या शिस्तीला फारसा खर्च येत नाही.

करण्याजोगे काही

पूर्ण वाट्यावर आधारलेली पद्धत न्याय्य आहे, जो अधिक काम करील त्यास अधिक मिळेल, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. मंदीत मोठे पगार सोसणे लहान संस्थांना अवघड जाते, हेही २०२० च्या महासाथीत दिसून आले. परंतु जिला कोणी अद्याप ग्राहकच सोपविलेला नाही, तिच्या श्रमाचे मोजमाप वाट्याने कसे होणार? शिकण्याच्या काळासाठी निराळा नियम असणे अधिक न्याय्य ठरेल.

पहिले वर्षभर माफक का होईना, प्रशिक्षण-वेतन द्यावे, हा त्यावरचा सरळ उपाय. काही ठिकाणी भावी कमिशनपोटी उचल दिली जाते. ऊसतोडीच्या उचलीचा अनुभव महाराष्ट्राला आहे. फिटत नाही ती उचल माणसाला बांधून ठेवते. म्हणून पहिल्या वर्षाची रक्कम कर्ज न मानता शिक्षणाचा खर्च मानणे इष्ट. तिच्या बदल्यात संस्थेला बाजाराच्या नोंदी, इमारतींची माहिती आणि ग्राहकांच्या भेटी यांचे काम मिळतच असते.

दुसरा उपाय म्हणजे कागद. ग्राहकाकडून नियुक्तिपत्र लेखी घ्यावे. सौद्यातील प्रत्येकाचा वाटा प्रारंभीच लिहून ठेवावा आणि रजेच्या काळात पूर्णत्वास जाणाऱ्या सौद्यांचा नियमही आधीच ठरवावा. तोंडी शब्दांवर चालणाऱ्या व्यवहारात जुन्या ओळखी असणाऱ्याचे फावते, तर नवख्या व्यक्तीचा भरवसा कागदावरच असतो. भाड्याच्या व्यापारी व्यवहारांतील मध्यस्थांनाही नोंदणी व परीक्षेच्या कक्षेत आणण्याचा विचार शासनाने करावा. परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र हाती असलेल्या तरुणीला स्वागतकक्षात निराळी वागणूक मिळेल आणि घरात तिच्या कामाला सांगण्याजोगे नावही मिळेल.

व्यवसायात उतरू पाहणाऱ्या स्त्रियांनीही हिशेब आधी मांडावा. किमान बारा ते अठरा महिन्यांचा खर्च निराळ्या खात्यात, मुदत ठेवीत वा आवर्ती ठेवीत साठवून मगच पूर्णवेळ या कामात यावे. पहिले वर्ष पगारी संशोधन विभागात काढून बाजार शिकणे, हा मार्गही कमीपणाचा नाही, मात्र तेथून सौद्यांकडे वळण्याची मुदत स्वतःशी ठरवून घ्यावी. पहिला मोठा धनादेश आला, की त्यातील कराचा भाग आणि पुढील कोरड्या महिन्यांचा भाग प्रथम बाजूला काढावा. आरोग्य विमा स्वतःच्या नावावर असावा. पावत्या, करार, विवरणपत्रे प्रारंभापासून नीट लावून ठेवावीत, कारण घरासाठी वा स्वतःच्या संस्थेसाठी कर्ज मागण्याची वेळ येते तेव्हा हीच तिची साक्ष असते.

बँकांचाही या वाटेशी संबंध येतो तो येथेच. व्यावसायिकाच्या कर्जप्रस्तावासाठी दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे पाहिली जातात. सौद्यांवर जगणाऱ्या व्यक्तीचे एक वर्ष अतिशय चांगले आणि दुसरे जवळजवळ रिकामे असू शकते. रिकाम्या वर्षावर बोट ठेवून प्रस्ताव बाजूला सारणे सोपे आहे. तीन वर्षांची सरासरी, हातातील लेखी नियुक्तिपत्रे आणि नूतनीकरणास येणारे करार यांची छाननी करून निर्णय घेणे थोडे कष्टाचे, परंतु अधिक अचूक ठरेल. शेतकऱ्याचे उत्पन्न हंगामावर येते, हे बँकांनी केव्हाच मान्य केले आहे व पीककर्जाची परतफेड त्यानुसार बेतली आहे. शहरातही हंगामावर जगणारे व्यवसाय वाढले आहेत, त्यांनाही तशीच समज हवी.

जागेच्या जाहिरातीतील ती शेवटची ओळ तशीच राहील, राहावीही. सार्वजनिक निविदेचे नियम निराळे असतात. मात्र ती ओळ वाचून बनलेले मत मनात ठेवून एखाद्या अर्जदार स्त्रीच्या कागदांकडे पाहिले जाऊ नये. काउंटरपलीकडे ती बसलेली असेल, तिच्या खात्यात मधले कित्येक महिने रिकामे आणि मग एकदम मोठी जमा दिसत असेल, तेव्हा अधिकाऱ्याने त्या जमेमागील करार मागवून घ्यावा व तो वाचावा. भाड्याच्या उत्पन्नावर ज्या जागामालकाला त्याच शाखेने कर्ज दिले असेल, त्याचा करार कदाचित तिनेच घडवून आणलेला असेल.